सुमनबाईंच्या जिभेवरचे चट्टे

दाताच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नाहीत. भाजीबाजारात कुणी समोरून येतं, ओळखीचं हसतं आणि मी गोंधळून जाते. पण ते हसताना दात दिसले की लगेच आठवतं. अच्छा, या पुढच्या दोन दातांत फट असलेल्या बाई. हे खालच्या दाढेला टोपी बसवलेले काका. नाव तरीही आठवत नाही.

नाशिकला गंगापूर रोडवर मॅडमचा दवाखाना आहे. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. बरीच वर्षं मी तिथे आहे. लोकांना वाटतं मावशी म्हणजे झाडू, पोछा आणि चहा. तेही आहेच. पण खरं काम औजारांचं. पेशंटच्या तोंडातून निघालेला आरसा, चिमटा, टोकदार सळई, सगळं साबणाने ब्रश मारून धुवायचं, कोरडं करायचं, पाकिटात बंद करायचं आणि वाफेच्या मशीनमध्ये ठेवायचं. मशीन आपल्या कुकरसारखंच, फक्त त्यातलं शिजलं की नाही हे झाकण उघडून बोटाने दाबून बघता येत नाही. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला की समजायचं, झालं.

दुसरं काम नळी धरायचं. मॅडम दात कोरत असताना तोंडात पाणी साचतं, ते या नळीने ओढून घ्यायचं. बघणाऱ्याला सोपं वाटतं. नळी जिभेला टेकली की जीभच आत ओढली जाते, मागे घशाकडे गेली की पेशंटला उबळ येते. ती गालाच्या आतल्या बाजूने, मॅडमच्या हाताच्या आड न येता धरावी लागते. माझा हात स्थिर आहे असं मॅडम म्हणतात. बोलणं मात्र मला पहिल्यापासून जमत नाही. चार माणसांत मी कोपरा धरते. म्हणून हे काम मला मानवलं. इथे समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही, आणि मला बोलावं लागत नाही.

गमतीही होतात. एक आजोबा नवी कवळी टोचते म्हणून भांडायला आले. मॅडमनी बघितलं तर ती आजींची कवळी. आजी घरी त्यांची लावून बसल्या होत्या आणि त्यांचंही भांडण तयार होतं. एक साहेब इंजेक्शन बघून "एक अर्जंट फोन आहे" म्हणत बाहेर गेले ते गेलेच. संध्याकाळी घरी जाताना मी त्यांना कोपऱ्यावरच्या टपरीवर बघितलं. गळ्यात आमचा निळा कागदी रुमाल तसाच. आणि एका वडिलांनी पोरीचा पडलेला दात दुधाच्या पातेल्यात घालून स्कूटरवरून आणला होता. पडलेला दात दुधात ठेवून लगेच आणला तर परत बसवता येतो, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते खरंही आहे. पण पोरगी पहिलीतली, तिचा दात पडायचाच होता. मॅडमनी त्यांना न हसता समजावलं. मला ते जमलं नाही, मी आत जाऊन हसले.

पण दवाखान्यात दुखण्यापेक्षा मोठी असते ती भीती. विशेषतः आमच्याकडे, कारण आमच्याकडे तंबाखू आहे, गुटखा आहे, मशेरी आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरने गेलेलं माणूस ओळखीत नाही असं घर सापडणं अवघड. त्यात आपल्या लोकांची एक पद्धत आहे. पेशंट खुर्चीत बसायच्या आधी घरातलं कुणीतरी पुढे होऊन हळूच सांगतं, "मॅडम, काय असेल ते आम्हाला सांगा. त्यांना काही बोलू नका." मॅडमना हे पटत नाही. पण बाहेर गेल्यावर घरचे लोक काय सांगणार ते त्यांच्या हातात नसतं. ते एकाच सुरात सांगतात, "काही नाही, उष्णता आहे." मायेपोटीच सांगतात. या मायेने काय होतं ते मी सुमनबाईंच्या वेळी पाहिलं.

सुमनबाई सायखेड्याहून आल्या, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मुलगा नितीन सोबत होता. तो अंबडला कंपनीत कामाला. सुमनबाईंचे मालक वारलेले, थोडी कांद्याची शेती, आणि हंगामात त्या द्राक्षाच्या पॅकिंगला जायच्या. तिखट खाल्लं की जीभ चरचरते, ही तक्रार. लोणच्याची फोड तोंडात घेतली की डोळ्यांतून पाणी. आरशात बघितलं तर जिभेवर लाल लाल चट्टे आणि त्यांना पांढरट कडा. घरी तूप लावून झालं, हळद लावून झाली, आणि घाण बसली असेल म्हणून जिभेच्या पितळी घासणीने ती खरवडून झाली. त्याने आग आणखी वाढली.

मॅडमनी कापडाच्या तुकड्याने जीभ धरून दोन्ही बाजूंना वळवून बघितली. खालून बघितली. बोटाने दाबून कुठे टणक लागतं का ते बघितलं, गळ्याला गाठ आहे का चाचपलं. मी बॅटरी धरली होती. जिभेच्या उजव्या कडेला एक मोठा चट्टा, टोकाजवळ एक छोटा. लाल भाग गुळगुळीत, भोवती पांढरी रेघ, अगदी शाळेतल्या नकाशात समुद्राचा काठ दाखवतात तशी.

"हिला नकाशाची जीभ म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "आपल्या जिभेवर बारीक केसांसारखी लव असते, ती मध्येच कुठेतरी झडते. झडते तिथे लाल दिसतं आणि तिखट-आंबट झोंबतं. काही दिवसांनी तिथे परत उगवते आणि दुसरीकडे झडते. म्हणून चट्टे जागा बदलतात."

"कशानं होतं?" नितीनने विचारलं.

"नक्की कारण कुणालाच माहीत नाही. बऱ्याचदा घराण्यात असतं. काळजी, ताण असला की काहींना जास्त उठतं. पण हा कॅन्सर नाही, त्याचा कॅन्सर होत नाही, दुसऱ्याला लागत नाही. औषधसुद्धा लागत नाही. झोंबतंय तोवर तिखट कमी खा, आणि ती घासणी बंद करा. मशेरी लावता ती मात्र सोडा, ती दुसऱ्या कारणासाठी वाईट आहे. पंधरा दिवसांनी एकदा दाखवून जा. काही नाही, सुमनबाई. घाबरू नका."

सुमनबाई "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीतून उतरल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. सकाळपासून उपाशी असतील म्हणून मी त्यांना बाहेर पंख्याखाली बसवलं आणि आमच्यासाठी केलेल्या चहातला अर्धा कप दिला. नितीनची अक्कलदाढ दुखत होती, तो ती दाखवायला आत थांबला. एसी चालू होता म्हणून मी दार लावून घेतलं.

पंधरा दिवसांनी त्या आल्या नाहीत. आली ती त्यांची मुलगी, प्राजक्ता. नाशिकलाच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला खरं सांगा. आईला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. त्यांना सांगितलंय मी."

"तेच तर. ती म्हणते, डॉक्टरबाई पण काही नाही म्हणाल्या, म्हणजे झालंच." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा आत थांबला, दार लावलं, बाहेर येऊन तो पण काही नाही म्हणाला. मी फोनवर समजावलं तर म्हणते, तू तर नर्स होणार, तुम्हाला लपवायलाच शिकवतात. आणि मॅडम, तिनं माझं लग्न काढलंय. बाप नाही, मी पण गेल्यावर पोरीचं कोण बघणार, म्हणते. रविवारी बघायला येतायत. जमलं तर महिन्याभरात उरकायचं. कॉलेज सोड म्हणते."

मॅडमनी तिथल्या तिथे सुमनबाईंना फोन लावला. सुमनबाई फोनवर फार नम्रपणे बोलल्या. "हो मॅडम. बरं मॅडम. तुमचे उपकार हायेत." पण "दाखवायला या" म्हटल्यावर म्हणाल्या, "आता कशाला." मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, रविवारी दवाखाना बंद असतो. तुम्ही जाऊन याल? माझं ऐकणार नाहीत त्या. मी डॉक्टर आहे."

मी मान डोलावली आणि रात्रभर स्वतःला दोष दिला. दुसऱ्याच्या घरी, बघण्याच्या कार्यक्रमात, मी काय बोलणार?

बसमध्ये मी वाक्यं जुळवत गेले. सायखेड्याला उतरेपर्यंत चांगली पाठ झाली होती. घर रस्त्यालगतच, पत्र्याचं, पुढे स्वच्छ झाडलेलं अंगण. प्राजक्ता साडी नेसून तोंड पाडून कांदा चिरत होती. नितीन पोह्यांचं सामान आणायला गेला होता. सुमनबाई बाहेर आल्या, मला बघून थबकल्या आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"तुमी? इतक्या लांब?" मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मॅडमनी पाठवलं. घरी मानूस पाठवलं म्हंजे लय वाढलं आसंल."

माझी सगळी वाक्यं पळाली. "नाही हो," एवढंच निघालं.

"राहू द्या ताई. मला तर त्या दिवशीच कळलं. तुमी चहा दिला ना. दवाखान्यात कोनी फुकट चहा देतं का?"

त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. खालच्या आवाजात सांगू लागल्या, प्राजक्ताला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांच्या थोरल्या जाऊबाई तोंडाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, एकट्या जाऊबाईंना सोडून. "मीच बसायची उशाला. त्या विचारायच्या, सुमन, मला काय झालंय गं? मी म्हनायची, काई नाय ताई, उष्णता हाय. वाळ्याचं पानी प्या. शेवटपरेंत त्या पानी पीत राह्यल्या. पोराचं लग्न बघायचं होतं त्यांना. त्याच साली करता आलं असतं. पन आमी कुनी त्यांना बोललोच नाय, मग त्यांनी घाई कशी करावी?" पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "काई नाय कसं म्हनतात ते मला म्हाईत हाय ताई. मीच म्हनलेलं हाय."

आता मला समजलं. ही बाई अडाणीपणाने घाबरली नव्हती. तिचा हिशोब तिच्या परीने बरोबर होता. खरं आणि खोटं दोन्ही एकाच शब्दांत सांगितलं जातं, तर ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं?

मी म्हटलं, "जीभ दाखवता का? उजेडात."

भिंतीवरचा आरसा काढून आम्ही अंगणात आलो. ऊन चांगलं होतं. सुमनबाईंनी जीभ बाहेर काढली. उजव्या कडेचा मोठा चट्टा गेला होता. तिथे साधी, सगळ्यांची असते तशी जीभ. डावीकडे मात्र नवा उठला होता, कडा तशीच पांढरी.

"बघा," मी म्हटलं, "उजवीकडचा गेला. मॅडम म्हणाल्या होत्या ना, जागा बदलतात."

त्यांनी आरशात बघितलं. "म्हंजे पसरतंय."

"पसरला असता तर उजवीकडे पण राहिला असता ना? वाईट असतं ते असं फिरत नाही. एका जागी बसतं, वाढतं."

"आतून गेला आसंल," सुमनबाई म्हणाल्या.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. "काय बघून राह्यल्या गं मघापासून?" सुमनबाईंची आई, ऐंशीच्या घरातली, नातीच्या कार्यक्रमासाठी माहेरगावाहून आली होती. कानाने कमी. तिला या सगळ्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. म्हातारीला कशाला त्रास, म्हणून.

"काई नाय आई, तू बस," सुमनबाई म्हणाल्या.

"काई नाय म्हंजे? आरसा घिऊन जीभ बघती आन् काई नाय?" म्हातारी काठी टेकत आली. "दाखव."

सुमनबाईंनी नाइलाजाने दाखवली. म्हातारीने डोळे बारीक करून, जवळ येऊन, लांब जाऊन बघितलं, आणि हसायलाच लागली. तोंडात दात नव्हते, सगळं तोंड हसत होतं.

"अगं ही तर माझ्या बापाची जीभ!"

"काय?"

"माझ्या बापाची. आन् ही बघ माझी." तिने जीभ बाहेर काढली. लांबच लांब जीभ, आणि तिच्यावर मधोमध एक चट्टा, कडेला दुसरा, पांढऱ्या रेघेसकट. आमच्या खुर्चीत बघितला होता तसाच.

सुमनबाई बघतच राहिल्या. "आई, हे कवापासून?"

"पोर होते तवापासून. आज हितं, उद्या तितं. तिखट सोसंना म्हून तर मी जन्मभर सपक खाते. आन् तू म्हनती, म्हातारीचे नखरे, म्हातारीला येगळी भाजी! मला काय हौस हाय का गं?"

घरात एकमेकांचे हात, पाय, केस, चालायची ढब, सगळं ओळखीचं असतं. जीभ कोण कुणाची बघतं? सुमनबाईंनी आईची हनुवटी धरून उन्हाकडे वळवली. परत बघितली. मग स्वतःची आरशात, मग परत आईची. प्राजक्ता हातातली सुरी टाकून धावत आली. तिने मोबाइलवर दोघींचे फोटो काढून मॅडमना पाठवले आणि फोनच लावला. मॅडम स्पीकरवर म्हणाल्या, "दोघींची एकच. आजींना सांगा, तुम्ही बऱ्या भेटलात."

"पोरी, तुझी काढ," म्हातारी म्हणाली. प्राजक्ताने काढली. तिच्या टोकाजवळ एक इवलासा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. "हां! आली आमच्या वळनावर."

अशा तिघी अंगणात एका ओळीत जिभा काढून उभ्या, मी आरसा धरलेला, आणि फाटकात पाहुणे. मुलगा, त्याचे आई-वडील, आणि मागे सामानाची पिशवी घेऊन नितीन. मुलाचे वडील चाचरत "जय भीम" म्हणाले.

"जय भीम, जय भीम, या," म्हातारीच पुढे झाली. "जीभ बघून राह्यलो. तुमी पन दाखवा, ह्या बाई नाशिकच्या दवाखान्यातल्या हायेत."

मुलाच्या आईने खरोखर तोंड उघडलं. "मला जेवताना इथं दाताला कळ येते हो," म्हणाली. मी डॉक्टर नाही असं पुटपुटत मी पोहे परतायला आत पळाले.

कार्यक्रम मात्र झाला. पाहुण्यांना दारातून कसं परत पाठवणार? माणसं सरळ होती. मुलगा बँकेत होता, खाली बघून पोहे खात होता. त्याचे वडील म्हणाले, "पोरीला लग्नानंतर शिकवू की आम्ही." प्राजक्ताने बशी उचलताना माझ्याकडे बघितलं. पुढची तारीख कुठली धरायची, असंही ते विचारू लागले. सुमनबाई पोह्यांची परात मांडीजवळ धरून बसल्या होत्या. नितीन त्यांच्याकडे बघत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "कळवते मी. आजच कळवते." पाहुणे गेले.

मी भांडी घासायला बसले. कामाला हात लावला की मला बरं वाटतं. सुमनबाई राख घेऊन समोर येऊन बसल्या. त्याही घासू लागल्या.

"ताई, एक विचारू?"

"विचारा."

"खरंच काई आसतं, तर मला सांगितलं आसतं का?"

"मॅडमनी सांगितलंच असतं."

"मॅडमचं नाय विचारत. नितीननी नसतं सांगितलं. प्राजीनं नसतं सांगितलं, रडली असती नुसती. तुमी सांगितलं असतं का?"

मी परात बाजूला ठेवली. दवाखान्यात मी कधीच कुणाला काही सांगत नाही. ते माझं काम नाही. नातेवाईक खुणा करतात तेव्हा मी खाली बघून ट्रे लावते. पण या बाईने जन्मात एकदा एका माणसाशी ते केलं होतं आणि ते तिच्या छातीवर बसलं होतं. तिला मॅडमचं ज्ञान नको होतं, तिला एक माणूस हवा होता.

"सांगितलं असतं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "तुमच्याजवळ बसून सांगितलं असतं. आणि चहा दिला नसता."

सुमनबाईंनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. आम्ही खुर्चीतल्या माणसाला बघतो तसं, उजेडात धरून. मग हातावरची राख झटकली, उठल्या आणि घराकडे तोंड करून ओरडल्या,

"प्राजे, ती साडी सोड आन् बॅग भर! ताईंबरोबर आत्ताच्या बसनं जा. उद्या कॉलेज हाय ना तुझं?"